सुईमावशींनी सांधलेली बाही

हे विश्वंभरा, हे दीनदयाळा, आधी तुला नमन. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने तू बोलतोस, ज्याच्या पाठीशी कोणी नाही त्याच्या पाठीशी तू उभा असतोस, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आमचा धीर सुटेपर्यंत तू नेमका कुठे थांबलेला असतोस, हे मात्र आम्हाला आजवर कळलेले नाही. तरीही तुझेच नाव आधी. कारण जिची ही कथा, तिने आयुष्यात एकही काम तुझे नाव घेतल्यावाचून हाती धरले नाही; आणि जे काम तिला सर्वांत महाग पडले, तेही तिने तुझे नाव घेऊनच केले होते.

लोक तिला सुईमावशी म्हणत. मूळचे नाव रेशनकार्डावर होते आणि तिथेच राहिले. भर वस्तीतल्या एका शिंप्याच्या दुकानात, रस्त्याकडच्या खिडकीपाशी, एका बुटक्या खुर्चीवर मावशी तीस वर्षे बसल्या. त्यांचे काम रफूचे. शिंपी ठिगळ लावतो, रफूगार कापड पुन्हा विणतो. कपड्याच्याच आतल्या दुमडीतून, जिथे कोणाची नजर जात नाही तिथून, त्याच रंगाचे धागे अलगद ओढून काढायचे. फाटीच्या कुरतडलेल्या कडा कात्रीने साफ करायच्या, कारण तुटक्या कडेला नवा धागा धरत नाही. मग उभा एक, आडवा एक, वरून एक, खालून एक, असे करत करत फाट भरून आणायची. मावशींचा प्रत्येक धागा नामस्मरणाबरोबर आत जाई आणि नामस्मरणाबरोबर बाहेर येई. ओठ हलत, आवाज मात्र कधी आला नाही.

हे काम त्यांना सासऱ्यांनी शिकवले, आणि कामाबरोबर दोन नियम दिले. फाटलेले घरात पडू द्यायचे नाही, हा पहिला. दुसरा असा, की कसे फाटले हे कधी विचारायचे नाही. "विचारलंस तर माणूस खोटं बोलेल," म्हातारा म्हणे, "आणि खोटं ऐकलं की रफूगाराचं बोट थरथरतं." मावशींनी तीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला ते विचारले नाही. सिगारेटचे भोक असो, कुत्र्याचा दात असो, नवराबायकोच्या झटापटीत निघालेला खिसा असो, मावशी कपडा हातात घेत, उजेडाला धरत आणि एवढेच म्हणत, "गुरुवारी या."

एकदा एक साहेब तणतणत आले. पँट टेबलावर आपटून म्हणाले, "काम न करताच पैसे घेतलेत. यावर रफू कुठाय ते दाखवा."

शिंपीमास्तरांनी मशीनवरून मान वर न करताच उत्तर दिले, "साहेब, दाखवता आला असता तर पैसे परत दिले असते."

असा त्यांचा हात. नवरा लवकर गेला. त्या खिडकीतल्या उजेडावर मावशींनी एकुलता मुलगा वाढवला, त्याचे लग्न केले, सून आणली. आताशा मात्र तो उजेड मावशींना धुक्यातून आल्यासारखा दिसू लागला होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले होते, वर्षाच्या आत करून घ्या, फार पिकू देऊ नका. त्यासाठी मावशींनी बँकेत थोडे थोडे करून पैसे जमवले होते आणि थंडी सरली की शस्त्रक्रिया करायचे ठरले होते.

माणूस ठरवतो, आणि ठरवलेले तू हातातून काढून घेतोस, नारायणा.

मुलगा पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात डिंकाच्या रुळावर होता. तो रूळ एका रुंद दातेरी पट्ट्यावर फिरे. पट्ट्यावर लोखंडी जाळी असायला हवी; ती साफसफाईसाठी म्हणून काढली होती आणि महिनाभर कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होती. शेडमध्ये गारठा फार, म्हणून मुलगा जाड लोकरी कोट घालून काम करी. त्या सकाळी तो वाकला आणि कोटाची उजवी बाही पट्ट्याने धरली. समोरच्या जोडीदाराने धावत जाऊन वीज बंद केली. त्याला जितका वेळ लागला तितक्या वेळात जे व्हायचे ते होऊन गेले.

डॉक्टरांनी हात वाचवला. सुनेला बाजूला घेऊन त्यांनी खरे काय ते सांगितले, "हात राहिलाय. हाताचं काम राहील असं धरून चालू नका."

परिचारिकेने मावशींच्या हाती एक गाठोडे दिले. त्यात त्याचे कपडे होते. मावशींनी ते तिथेच, इस्पितळाच्या लांब ओवरीतल्या बाकावर बसून सोडले. कोटाची बाही खांद्याखालून वीतभर फाटली होती. कडा चघळल्यासारख्या झाल्या होत्या, आणि काळे वंगण लोकरीच्या आत मुरले होते.

आता श्रोत्यांनी त्या आईच्या जागी बसून पाहावे. मुलगा आत पडलेला. त्याच्यासाठी डॉक्टर करत आहेत, परिचारिका करत आहेत, सून औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन धावते आहे. आईला करण्यासारखे काहीच कोणी ठेवलेले नाही. आणि तिच्या मांडीवर एक फाटलेला कपडा. साऱ्या जगात त्या घटकेला एवढी एकच दुरुस्ती तिच्या हाताला येत होती.

त्यांनी कोट घरी नेला, रॉकेलने वंगण काढले, तीन पाण्यांनी धुतला, वाळवला. मग रोज सकाळी तो पिशवीत घालून त्या इस्पितळात येत आणि मुलाच्या खाटेशेजारच्या खिडकीपाशी बसत. कडा कापल्या. दुमडीतून धागे ओढले. दृष्टी साथ देईना तेव्हा भिंग गळ्यात अडकवले. नऊ दिवस त्या बाहीवर त्या नाम विणत राहिल्या. देवा, हा धागा बसू दे. देवा, त्याची नस अशीच बसू दे. देवा, हा धागा धरू दे. त्याचं हाड असंच धरू दे.

परिचारिका येता जाता थबके. "मावशी, एवढं काय शिवताय?"

"कोट. घरी जाताना घालायला नको का त्याला."

मुलाला घरी आणले त्या दिवशी कोट दाराच्या खुंटीवर टांगलेला होता, नव्यासारखा. मुलाने डाव्या हाताने बाही चाचपली, आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजला.

पंधरा दिवसांनी कारखान्याचे पत्र आले. मजकूर सभ्य होता. सदर कामगार कामाची वेळ सुरू होण्याआधी, आपल्याच घाईने, जिन्यावरून घसरून पडला. घडल्या प्रकाराबद्दल व्यवस्थापनाला खेद आहे. यंत्रावर जाळी सदैव बसवलेली असते. सून जोडीदाराच्या घरी गेली. त्याच्या बायकोने दार थोडेसे उघडून सांगितले, घरी नाहीत. त्याच्या चपला मात्र उंबऱ्याशी होत्या. सून घरी आली आणि म्हणाली, "त्यालाही पोरंबाळं आहेत. शिव्या तरी कशाच्या जोरावर देऊ?"

वकील करायला हवा, हे शिंपीमास्तरांनी सुचवले. म्हणाले, "मावशी, आपलं भांडण आपण भांडलो तर त्याला कटकट म्हणतात. वकिलाने भांडलं तर दावा."

पहिला वकील मोठ्या इमारतीत, काचेच्या दारामागे. दारापाशी बसलेल्या गृहस्थाने मान न उचलता सांगितले, "सल्ल्याची फी आधी भरायची."

"आणि ऐकायची?" मावशींनी विचारले.

"ऐकणं सल्ल्यातच येतं."

फीचा आकडा ऐकून सासूसुना आल्या पावली परतल्या.

दुसरा आपणहून आला. इस्पितळाच्या फाटकाशी मलमपट्टीला आलेल्या माणसांवर नजर ठेवून उभा असलेला एक हसतमुख मनुष्य. पैसा एक नको, मिळेल त्यातला अर्धा आमचा. इथे सही करा. सुनेने कागद उलटापालटा करून पाहिला.

"हा तर कोरा आहे."

"नंतर भरू की, ताई. विश्वासावर जग चालतं."

"मग तुम्हीच ठेवा थोडा. आधी भरा, मग सही करू."

त्याचे हसू तसेच राहिले, पण पाय दुसऱ्या माणसाकडे वळले.

तिसरा पत्ता त्या परिचारिकेने दिला. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली, उभा जिना, आत दोन कपाटे आणि एक वकीलबाई. परिचारिका म्हणाली होती, "त्या लवकर हो म्हणत नाहीत. पण म्हणाल्या की सोडत नाहीत."

वकीलबाई पन्नाशीच्या, आवाजाने रुक्ष, कानाने मात्र उदार. या वेळी मुलगाही बरोबर आला होता; त्यांनी तिघांचे सबंध दीड तास ऐकून घेतले. जाळी केव्हा काढली, कोणी काढली, पट्टा किती रुंद, सारे लिहून घेतले. मग लेखणी थांबवून विचारले, "त्या दिवशी अंगावर काय होतं?"

"लोकरी कोट," मुलगा म्हणाला.

"आहे तो?"

मुलाने मान खाली घातली. मावशींच्या मुद्रेवर मात्र इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा उजेड आला. "आहे तर. जपून ठेवलाय. उद्याच आणते."

"फार चांगलं केलंत," वकीलबाई म्हणाल्या, "पट्ट्याने फाडलेलं कापड जिन्यावर पडून फाटत नाही. वंगण, दात्यांच्या खुणा, तोच आपला साक्षीदार. जोडीदार फिरेल, कोट फिरणार नाही."

ते सारे मावशींच्या कानावर पडले, पण पोचले नाही. कपडा सांभाळून ठेवल्याबद्दल कोणीतरी आपल्याला शाबासकी दिली, एवढेच त्यांना कळले. दुसऱ्या दिवशी स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला कोट त्यांनी टेबलावर ठेवला. बरोबर सून होती.

वकीलबाईंनी घडी उलगडली. उजवी बाही पाहिली, डावी पाहिली. "हा नव्हे, मावशी. त्या दिवशीचा हवा."

"हाच तो."

"मग फाटलाय कुठे?"

मावशी हसल्या. तीस वर्षे हा प्रश्न ऐकून त्या जशा हसत, तशाच हसल्या. "शोधा."

वकीलबाई कोट घेऊन खिडकीशी गेल्या. बाही ताणली, उलटी केली, उजेडाला धरली. मग त्या परत येऊन खुर्चीत बसल्या आणि हलक्या आवाजात विचारू लागल्या.

"धुतलात?"

"तीन पाण्यांनी."

"कडा?"

"कापल्या. तुटक्या कडेला धागा धरत नाही."

"आणि कापलेल्या कडा?"

"केरात."

खाली सायकलच्या दुकानात कोणीतरी चाक फिरवून सोडले होते. ते घरघरत थांबले. मग वकीलबाईंनी, लहान मुलाला समजवावे तसे, एक एक गोष्ट समजावून सांगितली. मावशींच्या ओठांवरचे हसू उतरायला फार वेळ लागला. ते एकदम गेले असते तर बरे झाले असते. पाहणाऱ्याला इतके सोसावे लागले नसते.

जिना उतरताना सून म्हणाली, "आई, मी घरात होते ना. एकदा विचारायचं तरी मला."

मावशींनी कठडा धरला आणि पायऱ्या मोजत खाली आल्या. जिच्या हाताने आयुष्यभर दुसऱ्याची लाज राखली, तिच्या हाताने आपल्याच लेकराचा साक्षीदार मुका केला होता. देवा, तुझे नाव घेऊन केला होता.

तरीही वकीलबाई हो म्हणाल्या. तीन दिवसांनी निरोप आला. अटी त्यांनी सुनेच्या हाताने कागदावर लिहून घेतल्या, म्हणजे पुढे शंका नको: भरपाई मिळाली तर पाचवा हिस्सा वकिलीचा, नाही मिळाली तर वकिलीचे काही नाही. पण अर्जाचा खर्च, हाडांच्या डॉक्टरांचे लेखी मत आणि यंत्र तपासणाऱ्या जाणकाराची फी, हे आधी लागेल आणि ते अशिलाने भरायचे. "कोट गेला," त्या म्हणाल्या, "आता जाळीला बोलतं करायचं. ती अपघातानंतर बसवली असेल तर बोल्ट नवे असतील. ते ओळखणारा माणूस फुकट येत नाही."

त्या खर्चाला घरात एवढेच पैसे होते, बँकेत जमवलेले.

"ते डोळ्यांचे आहेत," सून म्हणाली. "त्याला हात लावायचा नाही."

"डोळे थांबतील."

"डोळे थांबत नाहीत, आई. डॉक्टर काय म्हणाले ते मीही ऐकलंय. उद्या सुई कोण ओवणार?"

"तू ओवून दे. सासूला ओवून दिलेली सुई मिळाली म्हणजे म्हातारपण सुखाचं गेलं म्हणायचं."

सुनेला हसू आले आणि त्याचाच तिला राग आला. ती तरातरा स्वयंपाकघरात निघून गेली. दुसऱ्या दिवशी मात्र बँकेत तीच बरोबर गेली, कारण मावशींना आता रकान्याची रेघ दिसत नव्हती.

सुनावणी यायला अकरा महिने लागले. मुलाने घडले ते सांगितले; कारखान्याच्या वकिलांनी ते स्वार्थाचे बोलणे ठरवले. जाणकाराने सांगितले, बोल्ट नवे आहेत. कारखान्याच्या वकिलांनी सांगितले, बोल्ट बदलणे याला देखभाल म्हणतात. जोडीदार आला, खाली बघत म्हणाला, मी पाठमोरा होतो. डॉक्टरांनी लिहिले, अशी इजा ओढले गेल्याने होते. उलट तपासणीत त्यांना मान्य करावे लागले की कठड्यात हात अडकून पडल्यानेही, क्वचित, होऊ शकते. आणि मग मावशींना बोलावले.

आदल्या दिवशी वकीलबाईंनी त्यांना समोर बसवून विचारले होते, "इस्पितळात असताना त्याने तुम्हाला सांगितलं होतं का, कसं झालं ते? त्याच वेळी सांगितलेलं असेल तर त्याला वजन येतं."

"त्याने सांगितलं नाही. मी विचारलं नाही."

वकीलबाईंनी क्षणभर डोळे मिटले. "मग उद्याही तेच सांगा. मी तुम्हाला दुसरं काही सांगायला लावणार नाही. पण एवढं समजून ठेवा, त्या एका उत्तरावर बरंच आहे."

मावशी समजून होत्या. सबंध रस्ता त्या एकाच शब्दाशी झगडत आल्या. हो. किती लहान शब्द. त्याने सांगितलं, हो. पट्ट्याने ओढलं म्हणाला, हो. आणि ते खोटे कुठे होते? घडले तसेच होते. फक्त त्याने सांगितले नव्हते.

शपथ झाली. न्यायाधीशांनी कोट पाहिला आणि तेही गोंधळले. "बाई, फाट दाखवा."

मावशींनी बाही हाती घेतली, आणि त्यांना ती सापडेना. डोळ्यांपुढे सारे राखाडी. बोटांनी पाहिले, पण बोटांना सुईचे घट्टे, त्यांना काय लागणार? दालनातली माणसे वाट पाहत होती. तेव्हा मावशींनी बाही उचलली, गालाला लावली, आणि खांद्याच्या शिवणीपासून सावकाश खाली फिरवत नेली. जसे तापलेल्या मुलाचे अंग पाहावे तसे. दोन बोटे खाली येऊन त्या थांबल्या.

"इथे."

सुई मागून घेतली, कडेचा धागा उचलला आणि नऊ दिवसांचे काम त्यांनी सर्वांसमोर उसवायला घेतले. अर्धा तास लागला. न्यायाधीशांनी एकदाही घड्याळ पाहिले नाही. एक एक धागा निघाला, बाही उघडली, आणि वीतभर फाट टेबलावर पडली. मावशींचे ओठ या वेळी हलत नव्हते.

कारखान्याचे वकील तरुण आणि मृदू होते. "आजी, असं काम मी पाहिलं नाही. एवढंच सांगा, या कडा सरळ आहेत. कात्रीच्या?"

"माझ्या कात्रीच्या."

"म्हणजे आधी कशाने फाटलं होतं, ते आता या कापडावरून सांगता येणार नाही?"

"नाही."

"मग तुम्ही मुलालाच विचारलं असेल त्या वेळी, कसं झालं म्हणून. आई विचारणारच. काय म्हणाला तो?"

दार उघडे होते. विचारणाऱ्यानेच उघडून दिले होते. मागच्या बाकावर सून श्वास रोखून बसली होती. मुलगा कुठे पाहत होता, ते मावशींना दिसत नव्हते.

"मी विचारलं नाही," मावशी म्हणाल्या. "आमच्या कामात विचारत नाहीत. घरीही सवय तीच झाली. चुकलं माझं."

सत्याचा गौरव करणे सोपे असते, सज्जनहो. ते बोलून झाल्यावर ज्यांच्या घरी चूल तशीच थंड राहते, त्यांना विचारावे ते केवढ्याला पडते.

निकालाआधीच कारखान्याकडून तडजोड आली. मुलाच्या दोन वर्षांच्या पगाराएवढी रक्कम, चूक मान्य नाही, केवळ माणुसकीखातर. वकीलबाईंनी काही लपवले नाही. "निकालाला थांबलो तर कदाचित याच्या पाचपट. कदाचित काहीच नाही. मला विचाराल तर घ्या. पण हात माझा गेलेला नाही, त्यामुळे ठरवायचं याने."

मुलाने डाव्या हाताने सही केली. अक्षर पहिलीतल्या पोरासारखे आले. वकीलबाईंनी आपला पाचवा हिस्सा तिथेच मोजून वेगळा घेतला आणि पावती दिली.

शिंपीमास्तरांना ते रुचले नाही. "घेतलाच का बाईने? एवढं सगळं पाहून?"

"का घेऊ नये?" मावशी म्हणाल्या. "दीड वर्ष जिना चढून कोर्टात गेली ती माझ्यासाठी. मी रफू फुकट केला तर तुम्ही मला देव म्हणाल, मास्तर, पण परत काम आणून द्यायला लाजाल. उद्या दुसऱ्या कोणाला तिच्याकडे पाठवायचं असेल तर तिने घेतलेलंच बरं."

उरलेल्या पैशातून पहिले काम सुनेने ठरवले आणि कोणाचे ऐकले नाही. डोळ्यांचे डॉक्टर हळहळले. डावा डोळा साधला. उजव्यातला मोतीबिंदू पिकून पुढे गेला होता, आत दाब वाढून नजर गेली होती. दोन्ही डोळ्यांनी जो धागा उचलायचा तो एका डोळ्याने उचलला जात नाही. खोली कळत नाही, सुई हवेत टोचते. मावशींनी तीन दिवस प्रयत्न केला. चौथ्या दिवशी भिंग मास्तरांच्या टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "बटणं असतील तर द्या."

त्या संध्याकाळी मायलेक ओट्यावर बसले होते. मुलगा अपघातापासून आईशी हो-नाहीपलीकडे बोलला नव्हता. घरात सर्वांना वाटे, कोटाचा राग आहे. मावशींनाही तेच वाटे, आणि तो राग आपला हक्काचा आहे असे मानून त्या तो निमूट घेत आल्या होत्या.

"आई," तो म्हणाला, "मी जागा होतो."

"केव्हा रे?"

"इस्पितळात. तू खिडकीशी बसायचीस तेव्हा. औषधाने डोळे जड असायचे, पण मला सगळं दिसत होतं. तू कडा कापल्यास ते दिसलं. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या खाटेवरचा म्हणाला होता, कपडे सांभाळून ठेवा, लागतात. मला माहीत होतं, आई."

मावशी त्याच्याकडे वळल्या. एका डोळ्याने त्याचा चेहरा त्यांना जेवढा दिसायचा तेवढा दिसला.

"मग अडवलं का नाहीस?"

त्याने आपल्या उजव्या हाताकडे पाहिले. तो हात त्याने मांडीवर आणून ठेवला होता, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा.

"तू फार छान करत होतीस," तो म्हणाला. "मला वाटलं, बाही जुळली की हातही जुळेल. मला वाटलं, तेच चाललंय. म्हणून म्हटलं, थांबवू नये." मग तो म्हणाला, "आणि कोर्टात तू चुकलं माझं म्हणालीस. मला उठून सांगायचं होतं. उठलो नाही मी."

मावशींनी त्याचा उजवा हात उचलून आपल्या ओंजळीत घेतला. त्याला तो स्पर्श कळत नव्हता, आणि घट्टे पडलेल्या त्या बोटांनाही फारसा कळत नसावा. तरी त्या तो धरून बसल्या. सून दारात येऊन उभी राहिली होती. तिने दोघांकडे पाहिले आणि दिवा लावायला आत गेली.

आज तो एका गोदामाच्या फाटकावर आल्या-गेल्याची नोंद डाव्या हाताने करतो. अक्षर सुधारते आहे. सून एका शाळेच्या कचेरीत कामाला लागली. मावशी बटणे लावतात. कधी एखादे वाकडे लागते, मास्तर ते गुपचूप काढून पुन्हा लावतात, आणि मावशींना ते कळते.

हे दयाघना, या माउलीच्या उरलेल्या एका डोळ्याला शेवटपर्यंत आपली माणसे दिसू देत. तिच्या लेकाच्या डाव्या हातात दोन हातांचे बळ घाल. त्या सुनेचा जीव थकला आहे, तिला पोटभर झोप दे, आणि तिच्या रागातली माया कधी आटू देऊ नकोस. त्या घरात आजपासून कोणी कोणापासून मनातले दडवून न ठेवो. त्यांनी न मागितलेलेही तू त्यांना दे, कारण मागायची त्यांना सवय नाही. त्यांचे कल्याण असो, त्यांच्या दाराशी येणाऱ्याचे कल्याण असो.